आधी सफाई, मग स्क्रू : आरएक्स १००चा कार्बोरेटर

चोक लावला की गाडी चालू, चोक काढला की बंद. रेस अर्ध्यावर नेली तर बऱ्यापैकी ओढते. कॉक उघडा ठेवून उभी केली की कार्बोरेटरखालच्या नळीतून पेट्रोल टिपकतं. जूनमध्ये झाकून ठेवलेली यामाहा आरएक्स १०० दिवाळीनंतर बाहेर काढली तेव्हा ही तीन लक्षणं समोर होती, आणि त्यांचा अर्थ कार्बोरेटर न खोलताही बराचसा लागतो. चोकवरच चालते म्हणजे बंद रेसला पेट्रोल देणारा रस्ता, म्हणजे पायलट सर्किट, बुजलेला आहे. अर्ध्या रेसला ओढते म्हणजे सुई आणि मेन जेट (जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोकाचं पितळी तोंड) यांच्यातून पेट्रोल जातंय. टिपकतं म्हणजे पेट्रोल पुरेसं भरलं की ते अडवणारा फ्लोट व्हॉल्व्ह नीट बसत नाही.

तरीही पाना उचलण्याआधी बाकीच्या गोष्टी पाहून घेतल्या, कारण गाडी नीट चालली नाही की पहिला दोष कार्बोरेटरवर येतो आणि निम्म्या वेळा तो बिचारा निर्दोष असतो. प्लग काढून ठिणगी पाहिली : निळी, ठळक. प्लगचं अंतर ०.७ मिलिमीटर. कीक दाबताना कॉम्प्रेशन हाताला जाणवेल इतकं होतं. सायलेन्सरमधली जाळी काढून काजळी खरवडली. टू-स्ट्रोकमध्ये ती चोंदली की गाडी वरच्या फेऱ्यांना गुदमरते आणि माणूस मेन जेट बदलत बसतो. टाकीचं झाकण उघडून हवेचं भोक मोकळं आहे का तेही पाहिलं. ते बंद असेल तर गाडी चार-पाच किलोमीटर छान पळते, मग पेट्रोल संपल्यासारखी थांबते, आणि झाकण उघडून लावलं की पुन्हा चालू होते. ही खूण एकदा ओळखता आली की पुष्कळ खटाटोप वाचतो.

टाकीतलं पेट्रोल एका पारदर्शक बाटलीत काढून रात्रभर ठेवलं. सकाळी तळाला वेगळा थर दिसत होता. हे हल्लीच्या पेट्रोलचं वैशिष्ट्य. २०२५ पर्यंत देशभरच्या पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आलं. आपल्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांमुळे कोल्हापूरकरांना इथेनॉल काही परकं नाही. पण इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. जून ते सप्टेंबर इथली हवा कशी असते ते सांगायला नको. अर्धी टाकी म्हणजे वर अर्धी दमट हवा. ओलावा एका मर्यादेपलीकडे गेला की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून सुटतात आणि तळाला बसतात. कॉकची नळी नेमकी तिथूनच ओढते, त्यामुळे कार्बोरेटरच्या तळाच्या, पेट्रोल साठवणाऱ्या वाटीत पहिल्यांदा जातं ते हेच पाणी. त्याने पत्रा गंजतो, डायकास्ट बॉडीवर पांढरी भुकटी धरते आणि पितळी जेट हिरवं पडतं. जुन्या गाड्यांतलं मूळ रबर अशा पेट्रोलसाठी बनवलेलंच नव्हतं, ते फुगतं किंवा कडक होतं. म्हणून टाकी पूर्ण रिकामी केली, कॉक काढून त्याची जाळी धुतली आणि टाकीत दोनदा थोडं ताजं पेट्रोल खळबळून फेकलं. टाकी गंजलेली ठेवून कार्बोरेटर धुणं म्हणजे आठ दिवसांनी तेच काम पुन्हा करणं.

या गाडीवर मिकुनीचा व्हीएम २० कार्बोरेटर असतो. ९८ सीसीचं रीड व्हॉल्व्हचं टू-स्ट्रोक इंजिन, एस्कॉर्ट्सने १९८५ ते १९९६ बनवलेलं. कार्बोरेटर साधा, सरळ, समजायला सोपा. पण सोपा म्हणून अनेक हात त्याला लागलेले असतात, आणि सफाईतला निम्मा वेळ आधीच्या हातांनी केलेलं निस्तरण्यात जातो.

काढण्याआधी एक मोजमाप वहीत लिहिलं : पायलटकडे जाणारी हवा कमी-जास्त करणारा एअर स्क्रू हलकेच आत फिरवत नेला आणि किती फेऱ्यांत टेकतो ते मोजलं. पाव फेरी. नेहमी तो एक ते दोन फेऱ्यांच्या दरम्यान असतो. पाव फेरीवर ठेवला म्हणजे कुणीतरी पायलटला पेट्रोल कमी पडतंय हे ओळखून हवा कमी करून भागवलं होतं. स्लोचा, म्हणजे रेस न देता इंजिन किती फेऱ्यांवर चालावं हे ठरवणारा स्क्रूही खूप आत होता. जेट न काढता केलेल्या सेटिंगची ही सही असते. एअर स्क्रू कधीही दाबून पिळू नये. त्याचं टोक निमुळतं आणि मऊ असतं. एकदा जोर लावला की टोकावर गोल खळगी पडते, बॉडीतली जागाही खराब होते, आणि मग कितीही फिरवलं तरी बारीक फरक हाताला लागत नाही.

कॉक बंद, पेट्रोलची नळी काढली, दोन्ही बाजूंच्या पट्ट्या सैल केल्या. वरचं झाकण पिळून काढलं की स्लाइड, म्हणजे रेस दिली की वर सरकून हवेचा रस्ता उघडणारा दट्ट्या, आणि तिच्यातली सुई केबलसकट वर येते. ती हँडलला लोंबकळत ठेवू नका. सुई वाकली तर डोळ्यांना दिसणार नाही, पण मधल्या रेसला गाडी सारखी मिसिंग मारेल. आम्ही स्लाइड प्लास्टिकच्या पिशवीत घालून टाकीखाली बांधून ठेवली. या गाडीत रेसची केबल पुढे दोन वाटांनी जाते, एक कार्बोरेटरला आणि एक ऑइल पंपाला. पंपाच्या केबलला हात लावायची गरज नव्हती, लावलाही नाही. ज्यांना लावावा लागतो त्यांनी परत जोडताना पंपाच्या चाकावरची खूण मॅन्युअलमधल्या जागी आणल्याशिवाय गाडी चालू करू नये. तेल कमी पडलं तर पिस्टन जाम व्हायला एक चढ पुरतो. पंपाची नळी निघाली असेल तर त्यातली हवा काढा, आणि पहिल्या एका लिटर पेट्रोलमध्ये २० मिलिलिटर टू-टी ऑइल वरून मिसळा. धूर जास्त येईल, येऊ द्या.

वाटीचे स्क्रू. जपानी गाड्यांच्या या स्क्रूंची खाच साध्या फुली स्क्रू ड्रायव्हरपेक्षा वेगळ्या मापाची असते. साधा ड्रायव्हर त्यात वर उचलला जातो आणि खाच गोल करतो. जेआयएस (जपानी मानक) मापाचा ड्रायव्हर मिळतो, तो घ्यावा. नसेल तर साध्याचं टोक किंचित घासून खाचेत तळापर्यंत बसवावं. अडलेल्या स्क्रूवर सुटं करणारं तेल सोडून तासभर थांबलो, मग उकळत्या पाण्यात भिजवलेलं फडकं बॉडीवर गुंडाळलं. गरम झाल्यावर डायकास्ट बॉडी स्क्रूपेक्षा जास्त पसरते आणि पकड सुटते. हातोडी नाही. आटे गेलेच तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर बुश घालून देणारे कारागीर आहेत, पण तिथवर जायची वेळ येऊ न देणं स्वस्त पडतं.

वाटीच्या तळाला काकवीच्या रंगाचा, काकवीसारखाच चिकट थर होता. फरक एवढाच की याला उग्र, आंबूस वार्निशचा वास येतो. पेट्रोलमधला हलका भाग उडून जातो आणि जड भाग हवेशी मिळून असा गोंद बनतो. जेटमध्ये हाच अडकतो.

फ्लोटच्या बिजागरीची पिन बारीक टोच्याने एका बाजूने हळूच सरकवली. ती ज्या दोन खांबांत बसते ते बॉडीचाच भाग आहेत. पिन अडली म्हणून ठोकली आणि खांब तुटला की कार्बोरेटर भंगारात. अडलीच तर तेल आणि उष्णता, आणि खांबाला मागून टेकू. फ्लोट निघाला, फ्लोट व्हॉल्व्ह निघाला. त्याच्या निमुळत्या टोकावर भिंगाखाली गोल रेघ दिसली. टिपकण्याचं कारण हेच. नवीन घ्यावा लागतो, घासून दुरुस्त होत नाही. त्याची बैठक कापसाच्या काडीवर धातूचं पॉलिश लावून दहा-बारा वेळा फिरवून चकचकीत केली.

जेट काढताना सपाट ड्रायव्हरचं पातं खाचेच्या पूर्ण रुंदीचं हवं. पितळ मऊ असतं, अरुंद पातं कडा तोडतं. मेन जेट निघालं, मग नीडल जेट, म्हणजे सुई ज्यात वरखाली होते ते, लाकडी काडीने वरच्या बाजूला, स्लाइडच्या पोकळीत ढकलून काढलं. बसवताना त्याची खाच बॉडीतल्या बारीक खुंटीवर येते का ते पाहावं. सगळ्यात शेवटी पायलट जेट. ते खोल भोकात असतं म्हणून घाईत तसंच राहून जातं. वरवर सफाई झालेल्या बहुतेक कार्बोरेटरांत हेच एक जेट जागचं हललेलं नसतं.

पायलट जेट आकाशाकडे धरून पाहिलं. काहीच नाही. याचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बरंच लहान, आणि शिवाय बाजूला हवेची आडवी भोकं. कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे मारून पंधरा मिनिटं ठेवलं, मग वायरमधली तांब्याची एकच तार घेऊन हळू फिरवली. लोखंडी तार, टाचणी, सुई चालत नाही. भोक दोन-तीन शतांश मिलिमीटरने जरी वाढलं तरी एवढ्या लहान भोकात तो फरक मोठा, आणि पुढे स्लो कधीच नीट बसत नाही. पुन्हा आकाशाकडे धरलं तेव्हा बारीक, पण पूर्ण गोल उजेडाचा ठिपका दिसला. अर्धगोल दिसला तर अजून घाण आहे.

आता बॉडी. जेट हे फक्त तोंड, खरा रस्ता बॉडीच्या आत कोरलेला असतो. पायलट जेटच्या भोकात स्प्रेची नळी खुपसून मारलं की फवारा तीन ठिकाणी यायला हवा : हवेच्या तोंडाकडच्या बारीक भोकातून, आणि स्लाइडच्या खालच्या कडेजवळच्या दोन सूक्ष्म भोकांतून. यातलं एक स्लाइडच्या इंजिनकडच्या बाजूला, ते स्लोचं. दुसरं त्याच्या शेजारी, रेस उघडायला लागली की कामाला येणारं बायपास. आमच्याकडे बायपासमधून काहीच आलं नाही. हे भोक बंद राहिलं तर गाडी स्लोला उभी राहते, पण रेस देताक्षणी खोकते. मग लोक सुईची क्लिप हलवतात आणि दोष तसाच राहतो. एअर स्क्रू काढून त्याच्या भोकातूनही उलटा मारा केला. तिसऱ्या खेपेला बायपास सुटलं. स्प्रे मारताना डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण फवारा कुठल्या भोकातून तोंडावर येईल याचा नेम नाही.

एवढ्याने रस्ता सुटत नसेल तर सराफांकडे दागिने धुण्याचं अल्ट्रासॉनिक मशीन असतं तसल्या लहान मशीनमध्ये, भांड्यांच्या साबणाचं पाणी ५० अंशांच्या आसपास ठेवून, दहा-दहा मिनिटांच्या दोन खेपा द्याव्यात. पाण्यातून काढल्यावर लगेच हवा मारून कोरडं करायचं. खाण्याच्या सोड्यापेक्षा तीव्र क्षार, कॉस्टिक वगैरे वापरू नये, बॉडीला खड्डे पडतात. थिनरमध्ये रात्रभर बुडवण्याची पद्धत आमच्याकडेही पाहायला मिळते. त्याने घाण निघते हे खरं, पण आत राहिलेलं एखादं रबर विरघळून तेच भोकात जाऊन बसतं. बुडवायचंच तर आधी प्रत्येक रबर आणि प्लास्टिक बाहेर काढा.

पंक्चरवाल्याकडच्या कॉम्प्रेसरची हवा ४० ते ५० पीएसआयवर पुरते. फ्लोट जोडलेला असताना हवा मारायची नाही.

वाटी धुताना एक गोष्ट हमखास सुटते. तिच्या कोपऱ्यात एक खोल, अरुंद विहिरीसारखी जागा असते आणि तिच्या तळाशी बारीक भोक. चोकला पेट्रोल इथून जातं. ते बंद राहिलं तर सकाळी वीस कीक मारल्या तरी गाडी घेत नाही, आणि एकदा गरम झाल्यावर मात्र उत्तम चालते. बॉडीला जोडलेल्या हवेच्या नळ्याही फुंकून पाहिल्या. उभ्या गाडीच्या या नळ्यांत कुंभारमाशी मातीचं घर करते. वाटीत हवा शिरली नाही तर पेट्रोलही पुढे सरकत नाही.

चोकचा पितळी दट्ट्या काढला. त्याच्या खालचं रबर दगडासारखं कडक झालं होतं. हे रबर भोक बंद करत नसेल तर चोक काढूनही थोडं पेट्रोल जातच राहतं, प्लग काळा ओला होतो आणि एअर स्क्रू कितीही बाहेर काढला तरी स्लो जड, म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त असलेला, राहतो. दट्ट्या नवीन घातला.

दुरुस्तीच्या किटमधले सगळे भाग डोळे मिटून घालू नयेत हे इथे ठासून सांगावंसं वाटतं. पॅकिंग, फ्लोट व्हॉल्व्ह, ओ-रिंग नवीन घाला. जेट मात्र मूळचंच, भोक गोल असेल आणि नंबर वाचता येत असेल तर, ठेवा. नकली किटमधल्या जेटवर नंबर बरोबर असतो, भोक बरोबर असेलच असं नाही. सुई आणि नीडल जेट हे दोन्ही एकमेकांवर घासून झिजतात. सुईच्या अंगावर चकाकणारा पट्टा दिसला किंवा नीडल जेटचं भोक लांबट दिसलं तर दोन्ही एकदम बदलावेत. झिजलेल्या नीडल जेटवर मधली रेस कधीच सुकी होत नाही.

स्प्रेमुळे वाटीचं रबरी पॅकिंग फुगून खाचेत बसेनासं झालं होतं. ते टाकून द्यायची घाई करू नये, रात्रभर उघड्यावर ठेवलं की बहुधा मूळ मापावर येतं. पॅकिंगच्या जागी सिलिकॉनची पेस्ट मात्र कधीच लावू नये. पेट्रोलमध्ये तिचे तुकडे सुटतात आणि थेट पायलट जेटमध्ये जातात.

फ्लोटची उंची. बॉडी उलटी धरून थोडी तिरकी केली, इतकी की फ्लोटची जीभ व्हॉल्व्हच्या बारीक दांड्याला नुसती टेकेल, त्याची स्प्रिंग दबणार नाही. पूर्ण उलटं धरलं तर फ्लोटच्या वजनाने स्प्रिंग दबते आणि माप चुकतं. पॅकिंग काढलेल्या कडेपासून फ्लोटच्या वरच्या टोकापर्यंत मोजायचं, दोन्ही फ्लोट सारखे हवेत, आणि माप त्या कार्बोरेटरच्या मॅन्युअलप्रमाणे. फरक असेल तर जीभ अगदी केसभर वाकवायची, फ्लोट नाही. वाटीतली पातळी जास्त झाली की गाडी सगळीकडेच जड चालते आणि चढावर टिपकते. कमी झाली की उंच फेऱ्यांना तुटते. पातळी चुकलेली असेल तर पुढचं कुठलंही सेटिंग खोटं. फ्लोट पोकळ असेल तर गरम पाण्यात बुडवून पाहा. बुडबुडे आले तर भोक आहे.

जोडताना सुईच्या पाच खाचांपैकी क्लिप कुठे होती ते पाहिलं : सगळ्यात खालची. खालची खाच म्हणजे सुई जास्तीत जास्त वर आणि मिश्रण जास्तीत जास्त जड. हाही आधीच्या कुणाचा तरी उपाय. क्लिप मधल्या, तिसऱ्या खाचेत घातली. स्लाइडची कापलेली बाजू एअर फिल्टरकडे. उलटी गेली तर स्लो खाली येतच नाही. स्लाइड बसवल्यावर रेस उघडून एकदम सोडली, आतून स्पष्ट टक् असा आवाज आला पाहिजे. येत नसेल तर केबल अडकते किंवा झाकण वाकडं बसलंय. तशी गाडी चालू करू नका. केबलला किंचित ढील हवी, आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून रेस आपोआप वाढत नाही ना ते पाहावं.

एअर फिल्टरचा फोम रॉकेलमध्ये, मग साबणाच्या पाण्यात धुतला, वाळवला, तेल लावून दाबून पिळला. सेटिंग करण्याआधी फिल्टर जागेवर आणि पेटी बंद. फिल्टर काढून केलेलं सेटिंग फिल्टर लावल्यावर बदलतं.

एअर स्क्रू दीड फेरी बाहेर ठेवून गाडी चालू केली. तिसऱ्या कीकला. चोक काढला, उभी राहिली. मग पाच किलोमीटर फिरवून आणली, कारण थंड इंजिनवर केलेलं स्लोचं सेटिंग गरम झाल्यावर राहत नाही.

आणि तरीही काहीतरी चुकत होतं. रेस देऊन सोडली की फेऱ्या लगेच खाली येत नव्हत्या, दोन-तीन सेकंद वर टांगून राहायच्या. हे हलक्या, म्हणजे हवा जास्त असलेल्या मिश्रणाचं लक्षण. सफाई पूर्ण झाली याची खात्री होती म्हणूनच शंका बाहेरच्या हवेवर गेली. मॅनिफोल्डच्या (कार्बोरेटर इंजिनला जोडणाऱ्या तुकड्याच्या) सांध्यांवर स्प्रेचा बारीक फवारा मारला, सायलेन्सर आणि प्लगपासून दूर, हात आखडता ठेवून. सिलिंडरच्या बाजूच्या सांध्यावर मारताच फेऱ्या बदलल्या. पॅकिंग एका कोपऱ्यात फाटलं होतं. मॅनिफोल्ड काढून त्याचं तोंड काचेवर ठेवलेल्या ४०० नंबरच्या पॉलिश पेपरवर घासून सपाट केलं, रीड व्हॉल्व्हच्या पाकळ्या उजेडाकडे धरून पाहिल्या, नवीन पॅकिंग घातलं, बोल्ट आळीपाळीने आवळले. फेऱ्या तत्काळ खाली येऊ लागल्या. जेट साफ नसती केली तर ही फट सापडलीच नसती, कारण दोन्हींची लक्षणं एकच. स्क्रू सगळ्यात शेवटी, असं म्हणतो ते यासाठी.

आता स्लो. स्लोच्या स्क्रूने फेऱ्या थोड्या वाढवून ठेवल्या. एअर स्क्रू एकेक पाव फेरी फिरवायचा, प्रत्येक वेळी दहा सेकंद थांबायचं, इंजिनला उत्तर द्यायला तेवढा वेळ लागतो. जिथे फेऱ्या सर्वात जास्त आणि आवाज एकसारखा, ती जागा. मग स्लोचा स्क्रू कमी करायचा आणि पुन्हा एअर स्क्रू तपासायचा. आमचा सव्वा फेरीवर बसला. चांगली जागा अर्ध्या फेरीच्या आत आली तर पायलटला पेट्रोल कमी पडतंय : जेट बुजलंय, लहान आहे, किंवा कुठून तरी हवा शिरते. अडीच फेऱ्यांच्या पलीकडे गेली तर पेट्रोल जास्त : जेट मोठं आहे, चोक गळतोय किंवा पातळी वर आहे. टॅकोमीटर नसेल तर कान पुरतो. टू-स्ट्रोक स्लोला थोडी अडखळत चालतेच, तिच्याकडून फोर-स्ट्रोकसारखा टकटक ठोका मागू नये.

इथे एक गफलत नेहमी होते. व्हीएम कार्बोरेटरवर स्क्रू स्लाइडच्या फिल्टरकडच्या बाजूला असतो, तो हवा मोजतो, म्हणून बाहेर काढला की मिश्रण हलकं. ज्या कार्बोरेटरवर स्क्रू इंजिनच्या बाजूला असतो, जसा अनेक फोर-स्ट्रोक गाड्यांवर, तो पेट्रोल मोजतो आणि बाहेर काढला की मिश्रण जड. आधी स्क्रू कुठे आहे ते पाहा, मग फिरवा.

रस्त्यावरची चाचणी पन्हाळ्याच्या वाटेवर. मुठीवर कागदी टेप लावून बंद, पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण अशा खुणा केल्या, कारण दोष वेगावर नसतो, रेस किती उघडी आहे त्यावर असतो. पहिल्या आठव्या भागापर्यंत पायलट, पावपर्यंत स्लाइडचा काप, पाव ते पाऊण सुई, त्यापुढे मेन जेट. वाघबीळपासून चढ सुरू होतो तो या कामाला फार उपयोगी : तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण रेस दिली तरी वेग हाताबाहेर जात नाही आणि इंजिनवर भार खरा येतो. सकाळी लवकर, रहदारी नसताना. अर्ध्या रेसला चढावर इंजिन कोरडं, ठणठणीत वाजू लागलं, रेस सोडली की फटफट. क्लिप एक खाच खाली, चौथ्यावर घेतली. ओढ भरून आली, ठणठण गेली. पाचवीवर मुद्दाम नेऊन पाहिली तेव्हा अडखळत, एक आड एक ठोका घेत चालली, म्हणजे जड. चौथी ठेवली.

मधल्या खाचेपेक्षा एक पायरी जड का लागली, याचं उत्तर पुन्हा पेट्रोलमध्ये आहे. शुद्ध पेट्रोलला एका भागाला साधारण १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९. वीस टक्के मिश्रणाला सुमारे साडेतेरा. जेट तेच, हवा तीच, म्हणजे इंजिनला मिश्रण सात-आठ टक्के हलकं मिळतं. नवीन गाड्यांचा संगणक हे ओळखून भरून काढतो, या गाडीला ते आपल्यालाच करावं लागतं. मेन जेटसाठी पूर्ण रेसवर चढ चढून, क्लच दाबून इंजिन तिथेच बंद केलं आणि प्लग काढला. फिक्कट, राखेसारखा होता. एक पायरी मोठं जेट घातल्यावर प्लगच्या चिनी मातीच्या मुळाशी, अगदी खोल, बारीक तांबूस कडं दिसू लागलं. टोकाचा रंग आताच्या पेट्रोलवर फसवतो, मुळाकडे पाहावं, बॅटरी आणि भिंग घेऊन. आणि दिशा कायम जडाकडून हलक्याकडे. जड मिश्रणाने प्लग काळा होतो, हलक्याने पिस्टनला भोक पडतं.

घाट उतरून कोकणात जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. गगनबावड्याहून खाली उतरलं की हवा दाट होते आणि मिश्रण आणखी दोन-तीन टक्के हलकं. एरवी हे जाणवतही नाही, पण सेटिंग कडेवर आणून ठेवलं असेल तर मालवणच्या सपाट रस्त्यावर लांबवर एकसारखी रेस देताना हीच गाडी जाम होऊ शकते. पन्हाळ्यावर किंचित जड वाटली तर ती खाली बरोबर आहे असं समजा.

राजदूत ३५०सारख्या दोन कार्बोरेटरच्या गाडीला हे सगळं दोनदा, शिवाय जुळणी. दोन्ही स्लाइडखाली एकाच मापाच्या ड्रिल बिटचं मागचं गुळगुळीत टोक, तीन मिलिमीटरचं चालतं, ठेवून स्लोचे स्क्रू सारखे करायचे. मग बिट काढून रेस अगदी हळू उघडायची आणि दोन्ही तोंडांत एकेक बोट ठेवून दोन्ही स्लाइड एकाच क्षणी हलतात का ते पाहायचं. आधी हलणाऱ्या केबलची ढील वाढवायची. जुळणी झाल्यावर चालू इंजिनवर दोन्ही सायलेन्सरच्या तोंडाशी तळवे धरले की ठोका सारखा लागतो. एअर स्क्रू दोन्हींचे जवळजवळ सारख्या फेऱ्यांवर येतात. अर्ध्या फेरीहून जास्त फरक पडला तर पुन्हा सफाईकडे जावं, एका कार्बोरेटरमध्ये काहीतरी राहिलंय.

पुढच्या जूनमध्ये गाडी उभी करायची झाली तर कॉक बंद करून ती आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायची, वाटीचा निचऱ्याचा स्क्रू उघडून राहिलेलं काढायचं, आणि टाकी काठोकाठ भरायची किंवा पूर्ण रिकामी करून आत तेलाचा हात फिरवायचा. अर्धी ठेवायची नाही. वहीत शेवटची नोंद अशी आहे : एअर स्क्रू सव्वा फेरी, क्लिप वरून चौथी, मेन जेट एक पायरी मोठं, फ्लोट व्हॉल्व्ह, चोकचा दट्ट्या आणि मॅनिफोल्डचं पॅकिंग नवीन. तीच नोंद सीटखाली प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवली आहे, पुढे ज्याच्या हातात ही गाडी येईल त्याच्यासाठी.